बेबाबाईची पाच वाघाटी

चोपड्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावातले सगळे अजून हयात आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येतं. कुणाची केळी किती, कुणाच्या दारात ट्रॅक्टर, कुणाचा मुलगा पुण्याला, हे सगळं इतर गावांसारखं इथेही मोजलं जातं. पण आषाढातली एकादशी संपून द्वादशीची सकाळ उजाडली की बाकीची सगळी मोजदाद बाजूला राहते आणि गावात एकच प्रश्न उरतो : बेबाबाईने किती वाघाटी दिली?

वाघाटी हे एक झुडूप. वेलासारखं दुसऱ्या झाडावर चढणारं, आणि अंगभर वाघनखासारखे उलटे काटे असलेलं. हात घालायला सोपं, काढायला अवघड. उन्हाळ्यात त्याला पांढरी फुलं येतात, ती संध्याकाळपर्यंत गुलाबी होतात. आषाढात हिरवी, लिंबाएवढी फळं धरतात, त्यातल्या एकाला म्हणायचं वाघाटं, अनेकांना वाघाटी. चव कडू. वर्षभर कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. पण एकादशीचा उपास द्वादशीला सोडायचा तो वाघाट्याच्या भाजीनेच, ही रीत जुनी आहे. त्या एका सकाळी शहरातल्या बाजारात माणसं वाघाट्यासाठी एकमेकांच्या पायावर पाय देतात. दुसऱ्या दिवशी तेच फळ गाईसमोर टाकलं तर गाय तोंड फिरवते.

बेबाबाईच्या शेताला लागून नाला आहे, आणि नाल्याच्या काठावर एका म्हाताऱ्या निंबावर चढलेली वाघाटी आहे. झुडूप म्हणायचं, पण त्याचा घेर दोन बैलगाड्या झाकतील इतका. बेबाबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा ते तिथे होतंच. तिच्या सासूने तिला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी ते झुडूप दाखवलं आणि सांगितलं की द्वादशीला जुन्या गावातल्या प्रत्येक घरात इथून पाच वाघाटी जातात. विकायची नाहीत, मागायला लावायची नाहीत, आपण न्यायची. पन्नासवर पावसाळे झाले, बेबाबाईने यात एक दिवस चुकवला नाही.

तिने एक सुधारणा मात्र केली. सासू सगळ्यांना पाचच द्यायची. बेबाबाई द्यायची पाच, पण कधी चार, कधी तीन, क्वचित सहा. का, ते ती सांगत नसे. पाच म्हणजे घर ठीक चाललं आहे, असं लोकांनीच ठरवलं. चार म्हणजे काहीतरी चुकलं आहे, पण चारचौघांत बोलण्यासारखं नाही. तीन म्हणजे चुकलं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. सहा मिळाली की त्या घरातली सून आठवडाभर पदर नीट घेऊन नळावर जायची.

एका वर्षी धनसिंगला चार मिळाली. धनसिंग म्हणजे बेबाबाईच्या गल्लीतला, कापसाचा शेतकरी, देवभोळा आणि थोडा लबाड, दोन्ही बेताचं.

"अक्का, चारच?" तो म्हणाला.

"चार."

"काही चुकनं का मनं?"

"तुले ठाऊक," असं म्हणून बेबाबाई पुढच्या घराकडे वळली.

धनसिंगला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेजारच्या पुनाच्या बांधावरचा दगड, जो त्याने सहा वर्षांपूर्वी हळूच दोन हात पलीकडे सरकवला होता, तो परत जागेवर नेऊन ठेवला. पुना चकित झाला, कारण दगड सरकला होता हे त्यालाही माहीत नव्हतं. गावाने बेबाबाईच्या नजरेचं कौतुक केलं. खरी गोष्ट एवढीच होती की त्या वर्षी शेवटच्या टोपलीत एक वाघाटं किडकं निघालं आणि ते धनसिंगच्या वाट्याचं होतं. हे बेबाबाईने नवऱ्याशिवाय कुणालाही सांगितलं नाही. शालिग्राम नानांना कमी ऐकू येतं, विशेषतः बायको बोलत असताना. त्यामुळे तिथेही गुपित सुरक्षित होतं.

अशी ही बेबाबाई. शिक्षण चौथी. उंची बेताची, आवाज बेताबाहेर. आणि तिचा सगळा अधिकार काय, तर एक काटेरी झुडूप, जे तिच्या बांधाच्या एक हात पलीकडे, सरकारी जागेत उभं होतं. हा एक हात पुढे महागात पडणार होता.

गावाच्या सरपंच मेघा. जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून त्या सरपंच झाल्या, आणि त्या सरपंच झाल्या म्हणून त्यांचे पती नवलभाऊ कामाला लागले. सही मेघाची, बाकी सगळं नवलचं. ग्रामपंचायतीत खुर्चीवर तोच बसायचा. मेघा आली तर तो उठून तिला जागा द्यायचा, आणि ती लगेच 'बसा, बसा' म्हणायची, म्हणून तो पुन्हा बसायचा. हा विधी महिन्यातून दोनदा, ग्रामसभेत साक्षीदारांसमोर होई.

नवल घरी खान्देशी बोलायचा. खुर्चीवर बसला की त्याची भाषा छापील व्हायची. त्याने त्या वर्षी एक योजना गावात आणली : रानभाजी संवर्धन उद्यान. आपल्या रानातल्या भाज्या, कंद, फळं नव्या पिढीला माहीत नाहीत, त्या एका ठिकाणी लावाव्यात, प्रत्येकीला पाटी लावावी, शाळेची मुलं यावीत, असा कागद वरून आला होता. कागद चांगलाच होता. उद्यानाला जागा हवी होती, ती नाल्याकाठची सरकारी जागा मिळाली. यादीत एकवीस वनस्पती होत्या. चौदाव्या क्रमांकावर होती वाघाटी, नग एक.

यादी घेऊन कामिनी आली. ती कृषी सहायक, मूळची भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, नोकरीत दुसरं वर्ष. मुलगी कष्टाळू होती, पण रानभाज्या तिने फोटोत पाहिलेल्या. पारंपरिक माहितीचा एक तक्ता तिला भरायचा होता आणि सगळ्यांनी तिला एकच घर दाखवलं.

बेबाबाईने तिला चुलीजवळ बसवलं. अजून द्वादशीला तीन आठवडे होते, फळं कोवळी होती, पण दाखवायला दोन-चार तोडून आणली होती.

"दख पोरी. पहिले दोन भाग कर. बी काढी टाक, बठ्ठी. एक बी राहिनी ते भाजी तोंडमा धरावनार नही. मंग मिठना पानीमा उकाड, पिळी ले. तेल, जिरं, हिरवी मिरची, वरथीन दाण्यानं कूट. कांदा-लसूण नही, उपासनं पारणं शे."

"मीठ किती, अक्का?"

"तोंडले लागी तितलं."

"तक्त्यात ग्रॅम लिहायचे आहेत."

"मंग तक्ताना तोंडले इचार."

कामिनी हसली आणि अंदाजाने दहा लिहिले. पुढचा रकाना औषधी गुणांचा होता. "हे खाल्ल्याने कोणता आजार बरा होतो?"

बेबाबाईने जरा विचार केला. "वरीसमा एक डाव खातस. एका डावमा कोनता आजार बरा व्हई? पन गावमा भांडनं कमी व्हतस."

कामिनीने लिहिलं : पोटाचे विकार. मग तिला काही सुचलं म्हणून तिने विचारलं, "हे झाड कुठे आहे, अक्का? फोटो हवा होता."

नाल्याकाठी गेल्यावर ती झुडपासमोर उभी राहिली, फोटो काढला, हातातल्या नकाशाकडे पाहिलं, पुन्हा झुडपाकडे पाहिलं, आणि नकाशा बेबाबाईपुढे धरला. नकाशात त्या जागी एक चौकोन होता आणि चौकोनात लिहिलं होतं : वाघ.

"कसाना वाघ?" बेबाबाई म्हणाली.

"सिमेंटचा. प्रवेशद्वाराजवळ. लोकांना फोटो काढायला." कामिनीचा आवाज लहान झाला. "वाघाटीच्या नावात वाघ आहे ना, म्हणून नवलभाऊंनी सुचवलं. आणि अक्का, अंदाजपत्रकात पहिलं काम आहे काटेरी झुडपे काढून जागा मोकळी करणे. ते काम एकादशीनंतर लगेच आहे."

 जी वनस्पती वाचवायची, तिच्या नावाच्या वाघासाठी तीच वनस्पती उपटायची, हे समजायला बेबाबाईची चौथी पुरेना. पण झुडूप जाणार एवढं तिला पुरेपूर समजलं. झुडूप गेलं की द्वादशी गेली. आणि द्वादशी गेली की गावात ती कोण? एका कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्याची मोठ्याने बोलणारी बायको.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. नवल खुर्चीवर होता.

"नवल, झाड काबरं तोडी ऱ्हायना?"

"अक्का, झाड नाही, झुडूप," नवल छापील भाषेत म्हणाला. "काटेरी झुडूप. झाड असतं तर परवानगी घेतली असती."

"त्याले नाव शे. वाघाटी."

"वाघाटीची नोंद वेगळी आहे. ती अनुक्रमांक चौदा. हे अनुक्रमांक एक."

"ते एकच शे रे!"

"जमिनीवर एक असेल अक्का, कागदावर दोन आहेत."

"तुनी माय त्याच झाडनं खाई ऱ्हायनी, पन्नास वरीस."

आई म्हटल्यावर नवल जरा खुर्चीत मागे सरकला आणि भाषाही खाली उतरली. "अक्का, दख ना, नवं रोप लावसूत. मस्त, नर्सरीनं. कुंपण, पाटी, ठिबक बठ्ठं ऱ्हाई."

"नर्सरीमा वाघाटी भेटस?"

यावर त्याने टेबलावरचा एक कागद दुसऱ्या कागदाखाली सरकवला. त्या कागदावर रोपवाटिकेचं उत्तर होतं, आणि त्यात लिहिलं होतं की यादीतल्या एकवीसपैकी चार वनस्पती उपलब्ध आहेत, उरलेल्यांच्या जागी शोभेची झाडं चालतील का ते कळवावं. चालतील असं कळवून झालेलं होतं.

बेबाबाई घरी आली. शालिग्राम नाना ओट्यावर बसले होते. त्यांना तिने सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून ते म्हणाले, "अर्ज कर."

"अर्जमा काय लिखू? झुडूपले झाड म्हना?"

नाना पुन्हा बहिरे झाले. अर्ज झाला नाही. गावातल्या काही तरुणांनी झुडपाचा फोटो मोबाइलवर फिरवला, त्याला पुष्कळ अंगठे मिळाले, आणि त्या अंगठ्यांनी नेहमीप्रमाणे काहीही धरून ठेवलं नाही. धनसिंगने सांगितलं की तो जेसीबीसमोर आडवा पडेल. फक्त दुपारनंतर, कारण सकाळी त्याची पाण्याची पाळी होती. जेसीबी द्वादशीला सकाळी दहाला येणार असं ठरलं.

एकादशीला बेबाबाईने लांब काठीची आकडी घेतली, हातांना जुनी गोणपाटं बांधली आणि फळं उतरवायला लागली. नाना खाली टोपली धरून उभे होते. दरवर्षी ती वरची फळं पाखरांसाठी ठेवायची. या वर्षी एकही ठेवलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून तिने वाटे घातले. पाच-पाचचे ढीग ओट्याच्या टोकापर्यंत गेले, आणि शेवटी एक ढीग वेगळा. तो तिने मोजला, पुन्हा मोजला आणि फडक्यात बांधला.

द्वादशीला सकाळी सहापासून ती फिरत होती. सगळ्यांना पाच. धनसिंगलाही पाच, त्याने छाती फुगवून घेतली. शेवटी ती नवलच्या दाराशी आली. नवल नुकताच अंघोळ करून, जेसीबीच्या ड्रायव्हरशी फोनवर बोलत उभा होता. मेघाने फडकं घेतलं आणि सोडलं.

दहा.

गावाच्या इतिहासात दहा कुणालाही मिळाली नव्हती. अर्ध्या तासात ही बातमी नाल्यापलीकडे गेली. अक्काने मिटवून घेतलं, असं काही म्हणाले. नवलने तिला काहीतरी कबूल केलं असणार, असं दुसरे म्हणाले. धनसिंगने आपली पाच काढून पुन्हा मोजली. नवल स्वतः खूश झाला. दहा! तो मेघाला म्हणाला, "दख, मोठा मनना शे अक्का. विकास समजी गया तिले."

आतल्या खोलीत ताईबाई होती, नवलची आई. एकादशी तिची कडक. पाण्याशिवाय काही नाही. पारण्याची तिची तयारी झाली होती, चूल पेटली होती. मेघाने फडकं तिच्यापुढे ठेवलं. ताईबाईने एकेक वाघाटं उचललं, मोजलं, आणि तिचा हात थांबला.

"दहा," ती म्हणाली. "पाच यंदानं. आनि पाच पुढला सालनं. बेबानी आजच दी टाकं."

"म्हंजे?" नवल दारात येऊन म्हणाला.

"म्हंजे पुढला साली ती येवाव नही. काय लई येई? तुना सिमेटना वाघ?"

"माय, तू खाई ले आते. दुपार व्हई जाई."

"झाडनं ठरी तवलोंग मी खावाव नही," ताईबाई म्हणाली आणि वाघाटी पुन्हा फडक्यात बांधली. तिने आवाज चढवला नाही. चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी शिंपडलं आणि भिंतीला टेकून बसली.

दहा वाजता जेसीबी आला. ड्रायव्हरने नाल्याकाठी उभा केला आणि चहा मागवला. साडेदहाला नवलने आईला साबुदाणा चालेल का ते विचारलं. अकराला केळी विचारली. साडेअकराला शेजारणी यायला लागल्या आणि ताईबाईजवळ गप्प बसायला लागल्या, आणि गप्प बसलेल्या बायकांनी भरलेलं घर कसं असतं ते ज्याने पाहिलं आहे त्यालाच कळेल. सरपंचाची सासू सत्तराव्या वर्षी दीड दिवस उपाशी, ही बातमी तालुक्याला जायला फोन एकच लागतो. कामिनी जागा मोकळी केल्याच्या कागदावर सही घ्यायला आली होती. ती ओसरीत फाइल मांडीवर घेऊन बसली.

नवलने फाइल घेतली आणि मेघापुढे धरली. "सही कर. बाकी मी दखस."

मेघाने पेन घेतलं. उघडलं. बंद केलं. "झुडूप काढायच्या कागदावर मी सही करत नाही," ती म्हणाली.

"मंग कोण करी?"

"जिचं नाव खाली छापलं आहे तिनेच करायची असते ना?"

हे वाक्य तिने एवढ्या साधेपणाने विचारलं की उत्तर द्यायला नवलला छापील भाषाही सापडेना आणि घरचीही.

तेव्हा कामिनी खाकरली. अडचणीतून मान काढायची विद्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीच यायला लागते. "साहेब, एक सुचतंय. अनुक्रमांक चौदा, वाघाटी, नग एक. रोपवाटिकेत मिळाली नाही. जागेवर एक आहे. ती तशीच ठेवली तर चौदा पूर्ण होतो."

"आनि अनुक्रमांक एक?"

"काटेरी झुडपे काढणे. बाजूची बाभळीची जाळी काढली की एक पूर्ण."

"आनि वाघ?"

सगळ्यांनी ताईबाईकडे पाहिलं. ताईबाईने वाघाला चार पावलं डावीकडे सरकायची परवानगी दिली.

मग चूल पुन्हा पेटली. दुपारी दीडला ताईबाईने उपास सोडला. जेसीबीने बाभळीची जाळी काढली आणि धनसिंग पाण्याची पाळी संपवून आडवा पडायला आला तेव्हा ड्रायव्हर परत निघाला होता. बेबाबाईला हे सगळं नानांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

इथे गोष्ट संपली असती, तर बेबाबाई जिंकली असं म्हणता आलं असतं. पण सरकारी कामाला उद्घाटन असतं.

दिवाळीनंतर उद्यान झालं. चार रानभाज्या, सोळा शोभेची झाडं, मधे सिमेंटचा वाघ. कारागिराने वाघ कधी पाहिला नव्हता, मांजर पाहिली होती. पट्टे मात्र चोख ओढले होते. आणि वाघाच्या शेजारी, निंबावर चढलेल्या त्या बेबाबाईच्या सासूच्या काळापासूनच्या झुडपाच्या बुडाशी हिरवी पाटी होती. बेबाबाईने ती बोट लावून अक्षर अक्षर वाचली :

वाघाटी. औषधी उपयोग : पोटाचे विकार. लागवड : चालू आर्थिक वर्ष, सरपंच सौ. मेघा यांच्या शुभहस्ते. फळे तोडू नयेत.

"मेघानी लावं?" ती नानांना म्हणाली. "हाई झाड लागनं तवय तिनी मायनं लगीन बी नही व्हयेल!"

नाना म्हणाले, "झाड ते वाचनं."

"वाचनं. पन मनं नही ऱ्हायनं."

आणि तसंच झालं. पुढच्या आषाढात एकादशीला उद्यानाला कुलूप होतं. द्वादशीला सकाळी सात वाजता वाघासमोर टेबल मांडलं गेलं, फलक लागला, आणि नवलभाऊंनी प्रत्येक कुटुंबप्रमुखाला कागदी पिशवीत वाघाटी दिली. प्रत्येकाबरोबर एक फोटो. प्रत्येकाला पाच. मोजून पाच. मागच्या वर्षी बायकोशी भांडून तिला माहेरी पाठवणाऱ्याला पाच, आणि तिला परत आणून देणाऱ्या शेजाऱ्यालाही पाच.

लोक पिशव्या घेऊन निघाले, पण घरी जाईनात. काहीतरी चुकत होतं. धनसिंगने पिशवीत तीनदा पाहिलं. "पुना, तुले किती?"

"पाच."

"माले बी पाच. मंग यामाथीन समजावानं काय?"

पुनाने विचार केला. "काहीच नही."

साडेआठच्या सुमारास बेबाबाई ओट्यावर बसली होती. उद्यानाला कुंपण होतं, पण वाघाटीला कुंपण कळत नाही. बांधाच्या अलीकडे झुकलेल्या दोन फांद्या तिच्या शेतात होत्या. त्यांची अर्धी टोपली तिच्या मांडीशी होती. त्यातली सहा ती सकाळीच मागच्या दाराने मेघाला देऊन आली होती, आणि सहा ताईबाईला. एका घरात दोन वाटे, हेही पहिल्यांदाच.

धनसिंग ओट्याखाली येऊन उभा राहिला. "अक्का, माले तठे पाच भेटनात. पन तू किती दिधी असती?"

बेबाबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "साडेचार."

"साडेचार?" धनसिंग हादरला. अर्धं कुठे गेलं ते शोधत तो निघून गेला. त्याच्यामागे पुना उभा होता. पुनाच्या मागे आणखी चौघे. कागदी पिशव्या हातात घेऊन माणसं ओट्यापाशी येत, आपला आकडा ऐकत आणि विचारात पडून घरी जात. वाघाटी नवलची, आकडा बेबाबाईचा, अशी गावाने परस्पर वाटणी करून टाकली.

सगळे गेल्यावर नवल आला. गळ्यात कुणीतरी घातलेला हार तसाच होता. त्याने हार काढला, ओट्याच्या कडेला ठेवला आणि खाली बसला.

"माय आनि मेघाले सहा-सहा," तो म्हणाला. "समजनं माले."

"हां."

"मनं?"

बेबाबाईने पदर सारखा केला. पदराच्या गाठीत पाच वाघाटी होती. त्याच्यासाठी ती तिने पहाटेच बाजूला काढली होती; कसंही झालं तरी झुडूप याच्या राज्यात उभं राहिलं, असा तिने विचार केला होता. पण ती म्हणाली, "तूच सांग."

नवलने बोटांवर मोजलं. "तीन," तो म्हणाला.

"काबरं तीन?"

"एक जेसीबीनं कमी. एक पाटीनं."

बेबाबाईने गाठ सोडली, तीन वाघाटी त्याच्या हातावर ठेवली, उरलेली दोन त्याच्यासमोर टोपलीत टाकली. नवलने ती दोन टोपलीत पडताना पाहिली आणि उठला. हार ओट्यावरच राहिला. तो नंतर नानांच्या गाईने खाल्ला.

चार दिवसांनी नाना सकाळी नाल्याकडून आले ते हसत. उद्यानातल्या पाटीवरची लागवडीची ओळ कुणीतरी हिरव्या रंगाने झाकली होती. रंगाला ठराव लागतो, ठराव झाला नव्हता. नवलच्या बोटांना मात्र हिरवा रंग दोन दिवस होता.

बेबाबाईने टोपलीत राखून ठेवलेल्या त्या दोनातलं एक वाघाटं काढलं, पुसलं आणि नानांच्या हातात दिलं. "नवलना घर दी या."

नानांनी टोपलीत पाहिलं. त्यात अजून एक होतं. "एकच?"

"पाटीनं भागनं," बेबाबाई म्हणाली. "जेसीबीनं पुढला साली दखसु."